बाणाला पातं बसवताना

सरळ बसलेल्या पात्याला आवाज नसतो. बाबांनी एका सागवानी फळीवर बेअरिंगच्या दोन जोड्या बसवल्या होत्या. त्यांवर बाण आडवा ठेवायचा, मागून बोटाने गिरकी द्यायची आणि टोकासमोर उभ्या केलेल्या सुईकडे बघायचं. किंवा बघायचंही नाही, नुसतं ऐकायचं. पातं तिरकं बसलं असेल तर दर फेऱ्याला ते सुईला घासे आणि टिक् टिक् असा बारीक आवाज येई. सरळ असेल तर बाण फिरतोय की थांबलाय हेही कळत नसे. कर्वेनगरच्या आमच्या दोन खोल्यांत त्या वर्षी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हेच चाले: टिक् टिक्, मग बाबांचा हुंकार, मग स्पिरिटच्या दिव्याची फुरफुर, तापलेलं लोखंड पाण्यात बुडाल्याचा चर्र, आणि पुन्हा गिरकी. शेजारच्या जोशीबाईंनी आईला विचारलं होतं, "तुमच्याकडे घड्याळं दुरुस्त करतात का हो?" आईने सांगितलं, "नाही, बाण करतो आम्ही." जोशीबाईंना ती थट्टा वाटली. त्यानंतर बरेच दिवस त्या आमच्याशी मोजकंच बोलल्या.

बाबा एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते. कारखान्याला टाळं लागलं आणि ते घरी आले. घरी असणं म्हणजे काय करणं, हे त्यांना माहीत नव्हतं. पहिल्या काही आठवड्यांत त्यांनी सगळ्या नळांचे वॉशर बदलले, दारांच्या बिजागऱ्या काढून पुन्हा बसवल्या, आईच्या कुकरची शिट्टी खोलून साफ केली आणि ती बिघडली नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा खोलली. आई म्हणाली, "अहो, तिला शिजवू द्या की जरा." संध्याकाळी ते गॅलरीत जात, आत येत, पुन्हा गॅलरीत जात. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. पुस्तक उघडून बसलं की त्यांच्या चपलांचा आवाज ओळींच्या मधून जाई. त्यामुळे सदाशिव पेठेतल्या आपट्यांकडून काम मिळालं तेव्हा ते कसलं आहे, असा प्रश्न घरात कुणी विचारला नाही. काम आहे, एवढंच सगळ्यांना पुरेसं होतं.

आपट्यांचं दुकान खेळाच्या सामानाचं. पुढच्या बाजूला कॅरमचे बोर्ड, लेझीम, डंबेल्स. मागच्या खोलीत परदेशी पाठवायचा माल. त्यात हे बाण होते: लाकडी दांडी, मागे पिसं, पुढचं टोक पेन्सिलीसारखं तासलेलं. ह्या टोकावर बसवायची पाती वेगळी येत. ती रुंद, त्रिकोणी, दोन्ही कडांना धार असलेली, आणि मागे टोपणासारखी पोकळ नळी. आपटे त्यांना 'ब्रॉडहेड' म्हणत. बाबा पातंच म्हणत. डिंकाची कांडी दिव्यावर तापवून दांडीच्या टोकाला लावायची, पातं पक्कडीत धरून गरम करायचं, टोपणासारखं वर चढवायचं आणि डिंक थंड होण्याआधी ते फिरवून फिरवून त्याची सरळ जागा शोधायची. शोधण्याला फार थोडा वेळ मिळे. मग पाण्याच्या वाडग्यात बुडवायचं. बाबा म्हणत, पातं आणि दांडी दोन्ही थोडी वाकडी असतातच, पण एकाचा वाक दुसऱ्याच्या वाकाविरुद्ध घातला की दोघं मिळून सरळ होतात. हे वाक्य मी पुढे लग्नांच्या भाषणांत दोनदा वापरलं आहे. दोन्ही वेळा लोक हसले. बाबा मात्र ते हसण्यासाठी बोलले नव्हते.

स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या एका टोकाला बाबांची फळी आणि दुसऱ्या टोकाला आईची परात. डिंकाचा जळका, गोडसर वास भाकरीच्या वासात मिसळे. आई कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजायला घेई तेव्हा खोलीत इतका धूर होई, की बाबा सुई डोळ्यांनी न बघता कानांनीच तपासत. डिंक तापवायचं काम माझ्याकडे होतं. पाण्याचा वाडगा बदलण्याचं आणि तयार बाण पिसं न दबता टोपलीत उभे करण्याचं आईकडे. आईचा हात भरभर चाले. कारखान्याच्या काळात बाबा काय करतात हे तिला फक्त त्यांच्या शर्टावरच्या डागांवरून कळे. आता ती त्यांना सूचना करी. "हा वाकडा आहे," ती दुरून म्हणे. बाबा गिरकी देत, सुई वाजे. "तुला कसं कळलं?" "तुमच्या तोंडावरून." त्या महिन्यांत ती दोघं जितकं बोलली तितकं आधी बोलल्याचं मला आठवत नाही.

आमच्यापैकी कुणीही तोवर बाण सुटताना पाहिला नव्हता.

दर रविवारी आक्का येई. आक्का म्हणजे बाबांची मोठी बहीण. आईवडील लवकर गेल्यावर तिनेच बाबांना वाढवलं होतं. ती मुळशीकडच्या गावात राही, सकाळच्या एस.टी.ने स्वारगेटला उतरे आणि तिथून बसने आमच्याकडे. आधी सगळ्यांना घेऊन वस्तीतल्या विहारात वंदनेला जाई, मग आमच्याकडे जेवून परते. विहारात पंचशील ती सांगायची आणि बाकीचे तिच्यामागून म्हणायचे. तिला लिहिता-वाचता बेताचंच येत होतं, पण पाली उच्चारांत तिची चूक काढण्याची कुणाची हिंमत नव्हती. काम सुरू झाल्यानंतरच्या एका रविवारी ती ओट्याजवळ आली, टोपलीतला एक बाण उचलून तिने पात्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "येशा, हे काय हाय?"

बाबांचं नाव यशवंत. येशा म्हणणारी जगात ती एकच उरली होती.

"बाण आहेत आक्का. खेळाचं सामान."

"खेळाचं? आन् धार कशाला मंग?"

"परदेशात शिकार करतात. तिकडे कायद्याने चालतं. परवाना असतो."

"परवाना हरणाला इचारून देत्यात व्हय?"

आई भाकरी थापत होती. ती मागे न वळता म्हणाली, "आक्का, कालवणात मटण आहे. ते चालतं ना तुम्हाला?"

"मटण म्या मारत न्हाय."

"बाण आम्ही मारत नाही."

"धार कुनी लावली?"

"धार आधीच लावून येते," आई म्हणाली. "आम्ही फक्त सरळ बसवतो."

आक्काने बाण टोपलीत ठेवला. जेवताना तिने मटण घेतलं, नेहमीइतकंच घेतलं, आणि बाबांकडे एकदाही पाहिलं नाही. निघताना पायरीवर थांबून ती एवढंच बोलली, "सकाळी पयलं शील माझ्यामागं म्हणत हुतास. मला तुजा आवाज आला न्हाय." जीवहिंसेपासून दूर राहीन, असा त्या पहिल्या शीलाचा अर्थ. खरी गोष्ट अशी, की त्या सकाळी बाबा माझ्या शेजारी बसले होते आणि त्यांचे ओठ दुसऱ्या शीलापासून हलले होते. मी ते पाहिलं होतं. त्यांचा घसा धरलाय असं मला वाटलं होतं.

त्या रविवारनंतर बाबांच्या कामाची पद्धत बदलली. आपट्यांची अट होती की टोक केसभर हललं तरी चालेल. बाबांना केसभरही चालेना. सुई ते पात्याच्या इतकी जवळ आणत, की आधी पास झालेले बाणही वाजायला लागले. ते पुन्हा तापवून, काढून, फिरवून बसवायचे. दिवसभराच्या कामातला अर्धा माल संध्याकाळी दिव्यावर परत येई. आईने कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पातं वाकडं असलं तर बाण भरकटतो. भरकटला तर कुठेतरी लागतो. जनावर तिथल्या तिथे जात नाही. दोन-दोन दिवस फिरतं." "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" "आपट्यांनी." आपट्यांनी ते माल सरळ हवा हे समजावण्यासाठी सांगितलं होतं. बाबांनी ते वेगळ्याच जागी नेऊन ठेवलं. जेवताना त्यांचं बोट ताटाच्या कडेला गिरकी देत राही. डुलकी लागे, पण झोप लागत नसे. गॅलरीतल्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. ह्यावेळी हातात बाण असे, आणि उजेडाकडे एक डोळा मिटून ते दांडीच्या लांबीवरून नजर टाकत.

मालाला उशीर होऊ लागला. बाबांबरोबर मी आपट्यांकडे गेले तेव्हा आपटे काउंटरवर कोपर टेकून उभे होते. बारीक अंगाचे, पांढरा झब्बा, आवाज कधी न चढवणारे.

"अहो साळवे, मी बाण मागितले होते. तुम्ही घड्याळ बनवताय."

"सरळ बसलेलं बरं."

"बरंच आहे. पण तिकडचा माणूस झाडावर बसून बाण मारतो. तुमच्या सुईएवढं त्याला दिसतसुद्धा नाही."

"जनावराला कळतं," बाबा म्हणाले.

आपटे त्यांच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझे वडील कारखान्यात असतानाही असेच होते, की घरी बसल्यावर झालं?" पुढे वर्तमानपत्रात काम करताना असे मुद्रितशोधक भेटले, जे एक पान पाच वेळा वाचत आणि सहाव्यांदा मागत. त्यांच्या घरी काय चाललंय, हे मी कधी विचारलं नाही.

श्रावण लागला. हवा इतकी दमट झाली, की पात्यांच्या नळ्यांमधून तांबूस डाग दिसू लागले. बाबा डोळे बारीक करून सुईकडे बघत असत. डाग आईने पाहिले. आमच्या घरात पावसाळ्यात लोखंडाच्या प्रत्येक वस्तूला तेलाचं बोट लागे: विळीला, अडकित्त्याला, खलबत्त्याच्या दस्त्याला, नारळ फोडायच्या कोयत्याला. तिच्या आईकडून आलेली सवय होती. दुपारी बाबा आडवे झाले की ती न बसवलेल्या पात्यांची पिशवी घेई, काडीला कापूस गुंडाळी आणि नळ्यांना आतून गोडेतेल फिरवी. मग फडक्याने वरून पुसून पाती चकचकीत करून ठेवी. बाबांनी ती बसवली. नळी तापली की थोडा धूर येई, तेलाचा वास येई. पण शेजारी कढईत काहीतरी तळलं जात असे. स्वयंपाकघरात तेलाचा वास येणं ही काही बातमी नव्हती. गिरकी दिली की सुई वाजत नव्हती. उलट त्या आठवड्यांतलं काम बाबांना आजवरचं सगळ्यात चांगलं वाटलं, कारण आईचा हात लागलेल्या पात्यांवर गंजाचा कण नव्हता आणि ती फार सहज चढत होती. खोकी भरली, आपट्यांकडे गेली. काही जादा बाण घरी राहिले.

खोकी गेल्यावर बाबांनी ते केलं जे आधीच करायला हवं होतं असं ते नंतर म्हणत. त्यांना एक बाण सुटलेला पाहायचा होता. जवळच्या एका शाळेच्या मैदानावर संध्याकाळी मुलं धनुर्विद्या शिकत. त्यांना शिकवणारे शिंदे सर अंगाने दणकट, बोलायला मोकळे. त्यांनी पातं पाहिलं आणि हात वर केले. "अहो, हे माझ्या टार्गेटवर मारू? चिरफळ्या होतील. पोरं काय मारणार उद्या?" मग त्यांनीच चिंध्या ठासून भरलेलं एक पोतं झाडाला टांगलं, मुलांना मागे उभं केलं आणि बांबूचं धनुष्य घेतलं.

बाण निघाला तेव्हा मी दांडी हवेत डोलेल अशी वाट पाहत होते. ती डोलली नाही. एक लहानसा आवाज झाला, पोतं थोडं मागे गेलं आणि पिसं तिथे उभी राहिली. सरांनी मान वळवून विचारलं, "कोणी बसवलंय हो हे?" बाबांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "हात चांगला आहे तुमचा," सर म्हणाले. त्या वेळी बाबांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आनंद म्हणेन. दुसरा शब्द शोधून पाहिला आहे. त्यांनी मुलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते आणखी काही बोलणार इतक्यात सरांनी पोत्याला पाय लावून बाण ओढला. दांडी आली. टोक बोडकं होतं.

"पातं आत राहिलं," सर म्हणाले.

दुसरा बाण मारला, तसंच झालं. तिसऱ्या वेळी बाबांनी स्वतः ओढला, अगदी हळू. दांडी पुन्हा नुसतीच बाहेर आली. एक मुलगा हसला आणि सरांनी डोळे वटारल्यावर गप्प झाला. "एवढ्या ओढण्यानं निघतंय," सर म्हणाले, "म्हणजे जनावर नुसतं धावलं तरी दांडी पडणार. पातं घेऊन फिरत बसेल बिचारं." त्यांनी ते सहज म्हटलं होतं. बाबांनी पोत्याचं तोंड सोडलं आणि चिंध्यांत कोपरापर्यंत हात घातला. मी म्हटलं, "बाबा, धार आहे त्याला." त्यांनी ऐकलं नाही. पातं हाताला लागलं तेव्हा बोटाला रक्त होतं. त्यांनी करंगळी नळीत घालून बाहेर काढली, अंगठ्यावर चोळली आणि नाकाशी नेली. मग माझ्या नाकाशी धरली. गोडेतेल.

घरी आई तांदूळ निवडत होती. बाबांनी उभ्यानेच विचारलं, "पात्यांना तेल लावलंस?"

"लावलं की. गंज चढत होता."

"आतून?"

"आतूनच तर गंजतं. का? काय झालं?"

बाबांनी सांगितलं. आईने ताट खाली ठेवलं. "कोयत्याला लावते तेव्हा मुठीतून पातं निघत नाही ते?"

"मूठ डिंकाने नाही चिकटवलेली."

"मग मला सांगायचं की डिंकाला तेल चालत नाही."

"मला तेल लावलंय हे माहीत असतं तर सांगितलं असतं."

दोघांचंही खरं होतं. भांडण त्यापुढे जाऊ शकत नव्हतं म्हणून तिथेच थांबलं. थोड्या वेळाने आई म्हणाली, "खोकी कुठपर्यंत गेली असतील?" बाबांनी चप्पल काढलीच नव्हती.

आपट्यांचा माल स्वारगेटजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामातून मुंबईला जाई. आम्ही पोचलो तेव्हा ट्रक फळ्या पाडून उभा होता आणि हमाल चहा घेत होते. आमची खोकी भिंतीशी दिसत होती. गोदामाच्या मुनीमांनी बाबांचं बोलणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पावती कोणाच्या नावाची?"

"आपट्यांच्या."

"माल कोणाचा?"

"आपट्यांचा."

"मग तुम्ही कोण?"

"पाती मी बसवलीत."

"बसवलीत ना? मग झालं की. आता आमचं काम."

बाबा जाऊन खोक्यावर बसले. रागावून नाही, दुसरं काय करता येईल हे त्यांना सुचलं नव्हतं. एक हमाल म्हणाला, "काका, उठा, ते भरायचंय." बाबा म्हणाले, "हो," आणि उठले नाहीत. मी रस्त्यापलीकडच्या टेलिफोन बूथवरून आपट्यांना फोन केला. ते स्कूटरवरून आले, स्कूटर स्टँडवर लावली, रुमालाने चष्मा पुसला आणि खोक्यावर बसलेल्या बाबांना म्हणाले, "साळवे, बोट थांबत नाही हो कोणासाठी."

"ह्यातली पाती आत राहतील."

"कशाच्या आत?"

"जनावराच्या."

आपट्यांनी एक खोकं उघडायला लावलं. बाण काढला, पातं रुमालात धरून पिळलं, ओढलं. ते त्यांच्या हातात आलं. "जनावराचं मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण गिऱ्हाइकाच्या हातात हे असं आलं तर पुन्हा माल मागणार नाही तो." मग मुनीमांकडे वळून, "राहू द्या हे. पुढच्या गाडीने जाईल." बाबांना हवं होतं तेच झालं होतं, फक्त कारण निराळं होतं. परतताना बसमध्ये ते म्हणाले, "चांगला माणूस आहे." आणि पुढच्या थांब्यानंतर, "नाही का?"

सगळी पाती काढायची, नळ्या धुवायच्या, पुन्हा बसवायची. आईने धुण्याचा सोडा घालून पाणी उकळत ठेवलं, मोठ्या पातेल्यात, ज्यात एरवी पाहुण्यांसाठी भात होई. काम चालू असतानाच रविवार आला आणि आक्का आली. विहारात आम्ही गेलो नव्हतो. ती एकटी जाऊन आली होती. दारात उभं राहून तिने सगळं पाहिलं: चुलीवर पातेलं, जमिनीवर जुन्या चादरीवर पसरलेली पाती, आईचे लाल झालेले हात. बाबांनी काय झालं ते सांगितलं. शिंदे सर काय म्हणाले तेही सांगितलं.

"म्हंजी आदी मारायचं हुतं, आता नीट मारायचंय," आक्का म्हणाली.

बाबा पातेल्यातली पाती ढवळत राहिले.

"बोल की येशा. मी इचारतीया."

"अर्धवट सोडून पाठवू, आक्का?"

आक्का बसली. मग तिने आईकडून कोरडं फडकं मागून घेतलं आणि पाण्यातून निघालेलं एकेक पातं पुसायला सुरुवात केली. नळीत बोट घालून ती आतला ओलावा बघे, वास घेई आणि तेल राहिलं असेल तर पातं परत पातेल्यात टाकी. "ह्ये धुतलं व्हय गं?" ती आईला म्हणे, आणि आई म्हणे, "आक्का, तुमची चाळणी सुईपेक्षा वाईट आहे." दुपारी जेवायला उठेपर्यंत तिने मान वर केली नाही. जाताना मात्र पायरीवर थांबून तिने बाबांना सांगितलं, "ह्ये शेवटचं." बाबांनी मान हलवली.

खोकी गेली. बाबांनी प्रत्येक पातं ओढून पाहिलं होतं. पुढच्या शनिवारी ते आपट्यांकडे गेले आणि आपल्याला हे काम पुढे करता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आपट्यांनी कारण विचारलं. बाबा म्हणाले, "वाकडं बसवलं तरी झोप येत नाही, सरळ बसवलं तरी येत नाही." आपटे म्हणाले, "मग झोपेचं औषध घ्या, काम का सोडता?" पण त्यांनी आग्रह केला नाही. बाबांना नंतर कोथरूडला एका वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीनवर काम मिळालं. भोकं पाडायची, कशासाठी ते विचारायचं नाही. कारण ती कशासाठी आहेत हे सगळ्यांनाच माहीत होतं: खुर्च्यांसाठी. विहारात ते पहिल्या शीलापासून म्हणू लागले. आक्का आली की मटण होई. घरात आवाज नव्हता. सगळं ठीक व्हायला हवं होतं.

झालं नाही. कारण एके दिवशी आपट्यांच्या दुकानावरून जाताना बाबांनी सहज आत डोकावलं आणि नव्या माणसाने बसवलेल्या बाणांची टोपली पाहिली. एक उचलून त्यांनी दोन नखांवर ठेवला आणि गिरकी दिली. मी बरोबर होते. टोक एवढं डोललं, की मलाही दिसलं. दुसरा घेतला, तोही तसाच. "हे जाणार?" त्यांनी विचारलं. "जाणार," आपटे म्हणाले. "तो वेळेवर देतो." त्या आठवड्यात गॅलरीतल्या फेऱ्या इतक्या वाढल्या, की आईने त्यांची चप्पल लपवून ठेवली. शनिवारी त्यांनी ती शोधून काढली, माळ्यावरची फळी उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि आपट्यांकडे गेले. आपण काही बसवणार नाही, काही घेणारही नाही, फक्त गिरकी देऊन वाकडे वेगळे काढून ठेवू, असं त्यांनी आपट्यांना सांगितलं. आपट्यांनी ह्यावर काय म्हटलं ते बाबांनी आम्हाला कधीच पूर्ण सांगितलं नाही. पण मागच्या खोलीत, खिडकीजवळ, त्यांना एक खुर्ची मिळाली. पुढे काही वर्षं, ते बाण परदेशी जायचे थांबेपर्यंत, बाबा दर शनिवारी तिथे जात.

आक्काला हे कळायला वेळ लागला नाही. ती रविवारी आली, विहारातून परतताना वाटेतच तिने विषय काढला. आम्ही चौघं चालत होतो. पुढे आक्का आणि बाबा, मागे आई आणि मी.

"पैकं घेत न्हाईस म्हणं."

"नाही."

"म्हणून पाप न्हाय व्हय ते?"

बाबा थांबले. आईही थांबली, त्यामुळे मीही. रस्त्यावरून एक स्कूटर हॉर्न वाजवत गेली.

"पाप आहे की नाही ते मला कळत नाही, आक्का," ते म्हणाले. "वाकडं आहे की नाही ते कळतं."

आक्काने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती पुन्हा चालू लागली, आधीपेक्षा थोडी हळू, आणि बाबा तिच्या बरोबरीने चालू लागले.